पृथ्वीच्या पोटातले पट्टीचुंबक

पृथ्वीच्या चुंबकत्वाचा पाठ शिकवताना फळ्यावर काढायचे चित्र आपल्या सर्वांच्या हाताला बसलेले असते. एक मोठे वर्तुळ, त्याच्या पोटात थोडेसे कललेले पट्टीचुंबक, चुंबकाच्या एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाकडे वळणाऱ्या बलरेषा, आणि वर-खाली 'भौगोलिक उत्तर' व 'भौगोलिक दक्षिण' अशी अक्षरे. चुंबकाचा दक्षिण ध्रुव वरच्या बाजूला का, यावर दहा मिनिटे जातात आणि तास संपतो. पाठ्यपुस्तकांत, मार्गदर्शकांत, स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करायचे तर लेखक सांगता येतो, आवृत्ती सांगता येते. या चित्राला लेखकच नाही. म्हणूनच बहुधा त्याची चिकित्सा करण्याच्या फंदात कोणी पडत नाही. ती येथे करावी, असा आमचा विचार आहे.

आधी चित्राच्या बाजूने जे म्हणण्यासारखे आहे ते म्हणू. त्याचे कूळ थोर आहे. विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० साली चुंबकांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने चुंबक-दगडाचा एक गोळा घडवून घेतला आणि त्याच्या पृष्ठभागावरून छोटी सूची फिरवून पाहिली. पृथ्वीवर वेगवेगळ्या ठिकाणी होकायंत्राची सूची जशी वळते आणि झुकते, तशीच ती या गोळ्यावरही वळली, झुकली. पृथ्वी हेच एक मोठे चुंबक आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे १८३९ साली गाउस या गणितज्ञाने जगभरच्या नोंदींवरून दाखवून दिले, की या क्षेत्राचा जवळजवळ सगळा उगम पृथ्वीच्या आतच आहे. त्याच सुमारास, १८४१ साली, मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकी नोंदी घेण्यास सुरुवात झाली. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या तारांमुळे नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ पासून हे काम अलिबागला नेण्यात आले. या सगळ्या नोंदी एकत्र केल्या, तर पृथ्वीच्या पृष्ठभागावरील क्षेत्राचा सुमारे नव्वद टक्के भाग आत एक पट्टीचुंबक ठेवल्याप्रमाणेच दिसतो. तेव्हा क्षेत्राचा नकाशा म्हणून हे चित्र उत्तम आहे. पण वर्गात आपण ते नकाशा म्हणून वापरत नाही, क्षेत्राचे कारण म्हणून वापरतो. 'पृथ्वीला चुंबकी क्षेत्र का आहे?' या प्रश्नाखाली मुलांच्या वहीत उत्तर असते, 'कारण पृथ्वीच्या पोटात एक मोठे चुंबक आहे.' आणि त्यापुढे जोड, 'पृथ्वीचा गाभा लोखंडाचा आहे.' घोटाळा येथून सुरू होतो.

एक सोपा प्रयोग करून पाहावा. शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेने घासून चुंबकित करा. तिला टाचण्या चिकटतात हे मुलांना दाखवा. आता ती सुई सांडशीत धरून गॅसच्या ज्योतीत लालभडक होईपर्यंत तापवा आणि निवल्यावर पुन्हा टाचण्यांजवळ न्या. टाचण्या हलत नाहीत. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यातील अणूंची शिस्त मोडते आणि लोहचुंबकत्व जाते. जमिनीत खाली उतरावे तसे तापमान सुरुवातीला दर किलोमीटरला २५-३० अंशांनी वाढत जाते. म्हणजे काही दशक किलोमीटर खोलीवरच आपण या मर्यादेच्या पलीकडे जातो. लोखंडाचा गाभा तर २,८९० किलोमीटर खोलीवर सुरू होतो. तेथे तापमान ४,००० अंशांच्या आसपास, आणि पृथ्वीच्या केंद्राशी ५,००० च्याही वर. लोखंड आहे, भरपूर आहे. पण त्यातला एक कणही पट्टीचुंबकासारखा वागू शकेल अशा स्थितीत नाही.

दुसरी अडचण अशी, की पृथ्वीचे क्षेत्र स्वस्थ बसत नाही. लंडनला १५८० साली होकायंत्राची सूची खऱ्या उत्तरेच्या सुमारे ११ अंश पूर्वेकडे रोखलेली होती. पुढे ती सरकत सरकत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे २४ अंश पश्चिमेकडे गेली, आणि २०१९ मध्ये परत येऊन ग्रिनिचला बरोबर उत्तरेकडे रोखली गेली. सर जेम्स रॉस यांना १८३१ साली कॅनडाच्या उत्तर टोकाला सापडलेला चुंबकी ध्रुव आता भौगोलिक ध्रुवाजवळून पुढे सैबेरियाच्या दिशेने निघाला आहे. यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे १९०६ साली फ्रान्समध्ये ब्रून यांना आणि १९२९ साली जपानमध्ये मातुयामा यांना दिसून आलेले खडकांतले उलटे चुंबकत्व. पृथ्वीच्या इतिहासात उत्तर व दक्षिण ध्रुवांची अदलाबदल अनेकदा झाली आहे. शेवटची सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी झाली. आता पोटात पुरलेले पोलादी पट्टीचुंबक दर वर्षी थोडे सरकते आणि मधूनच टोकाकडून टोकाकडे उलटते, हे कसे समजावून सांगायचे? एका शिक्षक शिबिरात एका बाईंनी आम्हांला विचारले होते, "मुले विचारतात, ते चुंबक आत कोणी ठेवले? काय सांगू?" प्रश्न मुलांचा होता, पण चित्राची दुखरी नस त्याने अचूक पकडली होती.

सायकलचा डायनॅमो

चित्रातील ही उणीव ज्यांच्या लक्षात आली आहे, असे लेखक एक ठिगळ लावतात. ते म्हणतात, पृथ्वीच्या आत चुंबक नसून डायनॅमो आहे. पृथ्वी फिरते, तिच्याबरोबर आतले वितळलेले लोखंड फिरते, आणि सायकलच्या डायनॅमोप्रमाणे वीज व चुंबकत्व निर्माण होते. वाचायला बरे वाटते. पण सायकलचा डायनॅमो उघडून पाहावा. आत एक कायमस्वरूपी चुंबक असते आणि ते वेटोळ्यात फिरते. म्हणजे पुढच्या दाराने घालवलेले चुंबक मागच्या दाराने पुन्हा घरात आले!

खरी तुलना करायची तर ती वीजकेंद्रातल्या मोठ्या जनित्राशी करावी लागेल. तेथे कायमस्वरूपी चुंबक नसते. निर्माण झालेल्या विजेचाच काही भाग वेटोळ्यांत फिरवून विद्युतचुंबक तयार केलेले असते, आणि त्या चुंबकामुळे पुन्हा वीज निर्माण होते. सुरुवातीला लोखंडात उरलेसुरले अत्यल्प चुंबकत्व पुरते. पुढे जनित्र आपल्या पायांवर उभे राहते. पृथ्वीच्या बाह्यगाभ्यात घडते ते याच जातीचे आहे, फक्त तेथे तारा नाहीत, वेटोळी नाहीत. विजेचा वाहक असलेला द्रव चुंबकी क्षेत्रातून वाहतो, त्यामुळे त्यात विद्युतधारा निर्माण होते, त्या धारेचे स्वतःचे चुंबकी क्षेत्र असते, आणि प्रवाहाची वळणे योग्य असतील तर ते क्षेत्र मूळ क्षेत्राला बळकटी देते. जोसेफ लार्मर यांनी १९१९ साली सूर्याच्या संदर्भात ही कल्पना मांडली. पृथ्वीच्या बाबतीत एल्सॅसर आणि बुलर्ड यांनी ती दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे फुलवली.

या कल्पनेला आकड्यांच्या कसोटीवर घासून पाहू. बाह्यगाभ्यातील द्रव लोखंड जवळजवळ पाण्याइतके पातळ आहे. त्याचा प्रवाह वर्षाला १० ते २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मिलीमीटर. मुंगी याच्या कितीतरी पट वेगाने चालते. एवढ्या मंद गतीने काम भागते ते केवळ गाभ्याच्या प्रचंड आकारामुळे. प्रयोगशाळेत हीच गोष्ट लहान आकारात करायची म्हणजे द्रव फार वेगाने फिरवावा लागतो. लॅटव्हियात रिगा येथे आणि जर्मनीत कार्लस्रूहे येथे द्रव सोडियम वापरून ते पहिल्यांदा साधले, तेही १९९९ साली. गाभ्यातला प्रवाह जर आज थांबला तर त्यातील विद्युतधारा विरोधामुळे विरत जातील आणि काही दशसहस्र वर्षांत क्षेत्र संपेल. परंतु खडकांतील नोंद सांगते, की पृथ्वीला किमान ३४० कोटी वर्षे तरी क्षेत्र आहे. म्हणजे कोणीतरी हे जनित्र सतत चालवीत आहे. कोण?

'पृथ्वीचे परिवलन' हे येथे दिले जाणारे ठरावीक उत्तर आहे, आणि आमच्या मते सर्वांत जास्त दिशाभूल तेच करते. आतला द्रव पृथ्वीबरोबर एकजीव होऊन नुसता फिरत राहिला, तर प्रवाहाच्या दृष्टीने तो स्थिरच. चालत्या गाडीत सीटवर बसलेल्या माणसासारखा. एवढेच नव्हे, तर कौलिंग यांनी १९३० च्या दशकात सिद्ध केले, की अक्षाभोवती पूर्णपणे सममित असलेले क्षेत्र कोणताही डायनॅमो टिकवू शकत नाही. प्रवाहाला पीळ हवा, वर-खाली उठबस हवी. ही उठबस उष्णतेमुळे होते. गरम व हलका द्रव वर येतो, निवलेला व जड खाली जातो. यालाच आपण अभिसरण म्हणतो. परिवलन या उठबशीला पीळ देते, तिला अक्षाला समांतर अशा स्तंभांत बसवते. अभिसरण हा घोडा आणि परिवलन हा लगाम, असे वर्गात सांगितले तर चालेल. लगामाने गाडी ओढली जात नाही.

सोन्याचा दंडगोल आणि सह्याद्रीचा पत्थर

नुसत्या फिरण्यामुळे चुंबकत्व येते, ही कल्पना मोठ्या माणसांनाही मोहवून गेली आहे. पॅट्रिक ब्लॅकेट यांनी १९४७ साली असा नियमच सुचवला, की प्रत्येक मोठ्या फिरत्या वस्तूला केवळ फिरण्यामुळे चुंबकत्व असावे. पृथ्वी, सूर्य आणि एक तारा यांचे आकडे त्यांना जुळताना दिसले होते. नियम खरा असेल तर खाणीत खोल उतरल्यावर क्षेत्राचा आडवा भाग कमी व्हायला हवा. इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत मोजणी झाली, आणि तो वाढलेला आढळला. दरम्यान ब्लॅकेट यांनी सुमारे १५ किलो शुद्ध सोन्याचा एक दंडगोल मिळवला आणि तो पृथ्वीबरोबर फिरत असताना त्याच्याभोवती त्या नियमाने सांगितलेले क्षीण क्षेत्र आहे का, हे पाहण्यासाठी एक अत्यंत संवेदनशील चुंबकमापक बांधला. क्षेत्र सापडले नाही. १९५२ साली त्यांनी आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच 'नकारात्मक प्रयोग' असे शब्द घातले. नोबेल पारितोषिक मिळवलेल्या माणसाने स्वतःच्या सिद्धांताला दिलेला हा निरोप विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाने मुलांना सांगावा असा आहे.

पण चुंबकमापक हाताशी उरला होता. खडकांतले क्षीण चुंबकत्व मोजायला तो अगदी योग्य निघाला, आणि ब्लॅकेट यांच्या मंडळींनी त्या कामाला हात घातला. त्यातूनच लंडनच्या क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली दख्खनच्या काळ्या पत्थरावरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या खडकांवर काम झाले.

आपल्या सुईच्या प्रयोगाचा उत्तरार्ध येथे उपयोगी पडतो. लाल तापलेली सुई उत्तर-दक्षिण ठेवून निवू दिली, तर पृथ्वीच्या क्षेत्रामुळे तिच्यात अगदी किंचित चुंबकत्व येते. टाचणी उचलण्याइतके नव्हे, पण उपकरणाला कळण्याइतके. गिल्बर्टच्या ग्रंथात ऐरणीवर उत्तर-दक्षिण धरलेले तापलेले लोखंड ठोकणाऱ्या लोहाराचे चित्र आहे, ते याचसाठी. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवला, तेव्हा त्यातील लोहखनिजाच्या कणांनी त्या वेळच्या क्षेत्राची दिशा अशीच धरून ठेवली. तो खडक आता आपल्याला दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी, की पश्चिम घाटातल्या बऱ्याचशा थरांत क्षेत्राची दिशा आजच्या उलट आहे, आणि महाबळेश्वरच्या वरच्या थरांत ती पुन्हा आजच्यासारखी होते. म्हणजे हे थर साचत असतानाच ध्रुवांची अदलाबदल झाली. दुसरी गोष्ट खडकातल्या दिशेच्या झुकावातून कळते. सूची विषुववृत्ताजवळ आडवी राहते आणि ध्रुवांजवळ उभी होते, हे आपण शिकवतोच. दख्खनच्या पत्थरातला झुकाव सांगतो, की तो निवला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ३० अंशांवर होती. आज ती उत्तरेला १८ अंशांवर आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर धरून मुलांना गणित करू द्यावे. सरासरी वेग वर्षाला आठ सेंटिमीटर येतो.

पहिली गोष्ट गाभ्यातल्या अभिसरणाची खूण आहे, आणि दुसरी प्रावरणातल्या अभिसरणाची. एकाच दगडात दोन्ही नोंदी आहेत, आणि हा दगड आपल्या शाळेच्या पायरीलाही बहुधा असेल. असे असताना पाठात परदेशी बेटांची उदाहरणे कशाला लागतात, हे आम्हांला कळत नाही. असो.

पातेल्यातले पाणी

अभिसरण म्हटले की दुसरे ठरावीक चित्र पुढे येते. शेगडीवरचे पातेले, पोटॅशियम परमँगनेटचा खडा, मधून वर जाणारी आणि कडेने खाली येणारी जांभळी रेघ. मग तेच बाण पृथ्वीच्या काटछेदात काढले जातात, पुष्कळदा प्रावरण आणि गाभा यांत फारसा भेद न करता. मुलांच्या मनात पृथ्वीचे पोट म्हणजे एक उकळते पातेले होऊन बसते.

प्रावरण उकळत तर नाहीच, ते द्रवही नाही. भूकंपाच्या आडव्या लहरी द्रवातून जात नाहीत, प्रावरणातून मात्र बिनदिक्कत जातात. ते घन आहे, आणि तरी वाहते. डांबराचा ढेकूळ हातोडीने फुटतो, पण तोच नरसाळ्यात वर्षानुवर्षे ठेवला तर थेंबाथेंबाने गळतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली मांडलेला असा प्रयोग अजून चालू आहे, आणि आतापर्यंत त्यातून नऊ थेंब पडले आहेत. प्रावरण याच प्रकारचे, पण यापेक्षा अफाट दाट, आणि त्याची गती वर्षाला काही सेंटिमीटर. त्याच्या खालच्या गाभ्यातला द्रव मात्र वर्षाला किलोमीटरांत वाहतो. दोन्हींत सारखेच बाण काढणे म्हणजे बैलगाडी आणि रेल्वे एकाच वेळापत्रकात छापणे होय.

शेगडीची कल्पनाही तपासायला हवी. पातेले खालून तापते. प्रावरणातली बरीच उष्णता त्याच्यातच असलेल्या युरेनियम, थोरियम व पोटॅशियमच्या किरणोत्सर्गातून येते, काही भाग पृथ्वी घडतानाच्या उष्णतेतून उरलेला असतो, आणि गाभ्याकडून येणारी उष्णता ही एकूण हिशेबातली लहान रक्कम आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागातून सुमारे ४६ अब्ज किलोवॅट उष्णता बाहेर पडते. त्यांतील गाभ्याचा वाटा ५ ते १५ अब्ज किलोवॅटच्या दरम्यान असावा. शिवाय प्रावरणाला हलवण्याचे मुख्य काम वरून होते. समुद्रतळाचे निवलेले, जड झालेले भूपट्ट प्रावरणात बुडतात आणि आपल्या मागे उरलेला पट्ट ओढतात. वर तरंगणारे भूपट्ट खालच्या प्रवाहावर ओंडक्यांसारखे वाहत जातात, असे जे लिहिले जाते तेही म्हणूनच अपुरे आहे. भूपट्ट हा अभिसरणाचाच सर्वांत वरचा, थंड भाग आहे.

आता गाभ्याकडे पाहू. येथे आमचा मुख्य आक्षेप आहे. पट्टीचुंबकाच्या चित्रात, डायनॅमोच्या ठिगळात आणि पातेल्याच्या दाखल्यात एक समज समान आहे, की आत पुरेसे गरम लोखंड असले की काम झाले. पण अभिसरणाला नुसती उष्णता पुरत नाही. उष्णतेला बाहेर जाण्याची वाट लागते. कढत दुधाचे पातेले झाकण घालून गोधडीत चहूबाजूंनी गुंडाळून ठेवा. दूध बराच वेळ गरम राहील, पण त्यात प्रवाह जवळजवळ उरणार नाहीत. गाभ्यावर प्रावरणाची २,८९० किलोमीटर जाडीची गोधडी आहे. लोखंड उष्णतेचे सुवाहक असल्यामुळे काही उष्णता नुसत्या वहनाने, द्रव न हलताही, वर जाते. प्रावरणाने याहून जास्त उष्णता ओढून घेतली तरच गाभ्यातला द्रव उष्णतेच्या जोरावर हलू लागतो. ही किमान मर्यादा नेमकी किती, यावर २०१२ पासून बरीच वादावादी चालू आहे, कारण गाभ्यातल्या दाबाखाली लोखंडाची वाहकता पूर्वी समजत होतो त्यापेक्षा बरीच जास्त असल्याची गणिते त्या वर्षी पुढे आली. मर्यादा वर सरकली, तर पृथ्वीचे क्षेत्र प्राचीन काळी कशाच्या जोरावर चालले हा प्रश्न अवघड होतो.

गाभ्याला आणखी एक मदत मिळते. तो निवत चालल्यामुळे त्याच्या केंद्रापासून लोखंड गोठत जाते. केंद्राशी तापमान सर्वांत जास्त असले तरी दाबही सर्वांत जास्त असतो, म्हणून गोठणे तेथून सुरू होते. इंगे लेहमान यांनी १९३६ साली भूकंपलहरींवरून ओळखलेला घन अंतर्गाभा तो हाच. लोखंड गोठताना त्यात मिसळलेली हलकी मूलद्रव्ये मागे द्रवात राहतात, आणि ती वर चढताना द्रव ढवळला जातो. म्हणजे आपले होकायंत्र चालते ते पृथ्वीचा गाभा गरम आहे म्हणून, असे म्हणण्यापेक्षा तो निवतो आहे म्हणून, असे म्हणणे अधिक बरोबर. आणि किती वेगाने निवायचे हे ठरवते त्याच्यावरचे आळशी, घन प्रावरण.

शेजाऱ्यांची साक्ष

'लोखंडाचा गाभा अधिक परिवलन बरोबर चुंबकी क्षेत्र' हे समीकरण शेजारच्या ग्रहांवर लावून पाहिले की त्याचे पितळ उघडे पडते. मंगळाचा दिवस जवळजवळ आपल्याएवढा, २४ तास ३७ मिनिटांचा. २०१८ मध्ये तेथे उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकावरून त्याचा लोखंडी गाभा आजही बव्हंशी द्रवरूप असल्याचे कळले. सर्व सामग्री हजर आहे, पण आज मंगळाला स्वतःचे क्षेत्र नाही. मात्र १९९७ साली तेथे पोहोचलेल्या मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाला त्याच्या दक्षिण गोलार्धातल्या जुन्या खडकांत जोरदार चुंबकत्व सापडले. सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वीपर्यंत मंगळाचे जनित्र चालू होते, मग ते बंद पडले.

शुक्राची गोष्ट अधिक बोलकी आहे. आकाराने व वस्तुमानाने तो पृथ्वीचा जुळा भाऊ शोभेल असा. तरीही १९६२ च्या मरिनर-२ पासून आजवर त्याचे अंतर्गत क्षेत्र कोणालाही सापडलेले नाही. पुस्तकी उत्तर तयार असते: शुक्र फार सावकाश, २४३ दिवसांत एकदा, स्वतःभोवती फिरतो. पण बुधाला एका फेरीला ५९ दिवस लागतात, आणि त्याला मात्र क्षेत्र आहे. पृथ्वीच्या साधारण एक टक्का असेल, पण आहे. मरिनर-१० ला ते १९७४ साली दिसले आणि मेसेंजर यानाने २०११ ते २०१५ या काळात ते नीट मोजले. एखादा चुणचुणीत विद्यार्थी म्हणेल, की ५९ हे २४३ पेक्षा कमीच आहेत. त्याला एक हिशेब द्यावा. गाभ्यातला द्रव वर्षाला १५ किलोमीटर जात असेल, तर दोनएक हजार किलोमीटर जाडीचा थर ओलांडायला त्याला सुमारे १३० वर्षे लागतील. तेवढ्या काळात शुक्र स्वतःभोवती सुमारे दोनशे फेऱ्या घालतो. एवढ्या मंद प्रवाहाला वळण लावायला शुक्राचा लगामही पुरेसा आहे. उणीव घोड्यात असावी.

ती का, याबद्दल आज जास्त मान्यता असलेले मत असे, की शुक्रावर पृथ्वीसारखे बुडणारे भूपट्ट नाहीत. त्याचे कवच एकसंध झाकणासारखे आहे. प्रावरण सावकाश निवते, म्हणून गाभ्याची उष्णता ओढून घेत नाही, आणि गाभा गरम असूनही स्वस्थ राहतो. दुसरे मत असे, की गाभा घडतानाच त्याचे हलक्या-जड द्रवांचे थर लागले आणि ते कधी ढवळलेच गेले नाहीत. यांतले खरे कोणते हे ठरलेले नाही. परंतु दोन्ही मतांत लोखंड व तापमान यांच्याइतकाच प्रावरणाचा आणि ग्रहाच्या पूर्वेतिहासाचा विचार करावा लागतो.

शुक्रामुळे आणखी एका लोकप्रिय विधानाचीही झडती घेता येते. 'चुंबकी क्षेत्राची ढाल नसती तर सौरवाताने आपले वातावरण उडवून नेले असते', हे वाक्य आता वर्तमानपत्रांतूनही येते. शुक्राला ही ढाल नाही, तो सूर्याला आपल्यापेक्षा जवळ आहे, आणि त्याच्या पृष्ठभागावर वातावरणाचा दाब आपल्या नव्वद पटींहून जास्त आहे. वातावरण टिकण्यात ग्रहाचे गुरुत्वाकर्षण, वायूंचे रेणुभार, ज्वालामुखींतून होणारी भर अशा अनेक गोष्टींचा हिशेब असतो. चुंबकी क्षेत्राची भूमिका त्यात आहे, पण ती एका वाक्याची नाही.

मग फळ्यावरच्या जुन्या चित्राचे काय करायचे? ते पुसून टाका असे आम्ही म्हणणार नाही. नकाशा म्हणून त्याची गरज आहे, बलरेषा समजायला त्याच्याइतके सोपे दुसरे काही नाही. पण आतले पट्टीचुंबक तुटक रेघांनी काढावे आणि त्यावर 'कल्पित' असे लिहावे. शेजारी दुसरे वर्तुळ काढून त्यात गाभा आणि प्रावरण प्रमाणात दाखवावे. गाभ्याची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते, हे पाहूनच पुष्कळांना आश्चर्य वाटते. सुई तापवून दाखवायला दहा मिनिटे पुरतात. आणि पृथ्वी, शुक्र, मंगळ, बुध यांचा दिवस, गाभा व क्षेत्र यांचा तक्ता मुलांपुढे ठेवून त्यांनाच नियम बांधू द्यावा, मोडू द्यावा. जमल्यास तक्त्यात गुरूच्या गॅनिमीड उपग्रहाचीही भर घालावी. बुधापेक्षा थोडा मोठा असलेल्या या उपग्रहाला स्वतःचे क्षेत्र असल्याचे गॅलिलिओ यानाला १९९६ साली आढळले, आणि तेव्हा आम्हां मंडळींचेही बांधलेले काही नियम मोडले होते.

शुक्राचा निकाल लावणारा पुरावा कदाचित त्याच्या कवचात असेल. तेथील पृष्ठभाग सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापलेला आहे, पण मॅग्नेटाइट हे खनिज ५८० अंशांपर्यंत चुंबकत्व धरून ठेवू शकते. शुक्राचे जनित्र पूर्वी कधी चालू असेल, तर दख्खनच्या पत्थरातल्यासारखी त्याची खूण कवचाच्या वरच्या थरांत अजून शिल्लक असू शकेल. ती इतकी क्षीण असणार, की वरून घिरट्या घालणाऱ्या यानाला सहजी दिसणार नाही. १९८५ साली सोव्हिएत व्हेगा मोहिमांनी शुक्राच्या ढगांत सुमारे ५४ किलोमीटर उंचीवर दोन फुगे तरंगत ठेवले होते. त्यांत तापमापक होते, दाबमापक होते, चुंबकमापक नव्हता. तसा फुगा अजून कोणी पाठवलेला नाही.